शिकता शिकता ब्लॉग: विद्यार्थ्याने सुरुवात कशी करावी

माझा पहिला ब्लॉग दोन पोस्टपुरता जगला. पहिल्या पोस्टमध्ये ‘आजपासून मी इथे नियमित लिहिणार आहे’ अशी घोषणा होती. दुसरीत, बरेच दिवस लिहायला जमलं नाही म्हणून वाचकांची माफी मागितली होती. वाचक म्हणजे मी आणि माझा एक वर्गमित्र. तिसरी पोस्ट आलीच नाही. मधल्या काळात मी काय करत होतो म्हणाल, तर टेम्प्लेट बदलत होतो. माथ्यावर कोणतं चित्र लावायचं, अक्षरं निळी ठेवायची की राखाडी, यात कितीतरी रात्री गेल्या. दुकान रंगवून झालं, पाटी लागली, आत माल नाही.

म्हणून या लेखातला क्रम मुद्दाम वेगळा आहे. खातं उघडणं इथे पाचव्या पायरीवर येतं. तोवर एक वही किंवा साधी फाइल पुरते.

एक शब्द आधीच सरळ करून घेऊ. ब्लॉग म्हणजे अख्खी वही, पोस्ट म्हणजे तिच्यातलं एक टिपण. ‘काल एक ब्लॉग लिहिला’ असं सर्रास म्हणतात, बोलताना चालतंही; पण सेटिंग्जमध्ये शिरलं की हे दोन शब्द वेगवेगळ्या जागी भेटतात आणि गोंधळ उडतो. ‘वेबलॉग’ हा शब्द जॉर्न बार्गर यांनी १९९७ मध्ये वापरात आणला. १९९९ मध्ये पीटर मरहोल्झ यांनी गमतीने त्याची ‘वी ब्लॉग’ अशी फोड केली आणि त्यातला मागचा तुकडा टिकला. या सगळ्याच्या मुळाशी विद्यार्थी आहेत, हे मला फार आवडतं. जस्टिन हॉल यांनी १९९४ मध्ये कॉलेजात असतानाच इंटरनेटवर स्वतःबद्दल लिहायला घेतलं होतं. मॅट मुलनवेग यांनी माइक लिटल यांच्यासोबत २००३ मध्ये वर्डप्रेस हे ब्लॉग चालवायचं सॉफ्टवेअर बाहेर आणलं, तेव्हा ते १९ वर्षांचे होते आणि कॉलेजात शिकत होते.

पहिली पायरी: विषय नको, अडखळण्याच्या जागा शोधा

‘मी अजून शिकतोच आहे, मी काय लिहिणार?’ हा प्रश्न प्रत्येक विद्यार्थी विचारतो. त्याचं उत्तर प्रश्नातच आहे. एखादी गोष्ट वीस वर्षं शिकवणाऱ्या माणसाला ती कुठे अवघड जाते हे आठवावं लागतं, आणि बरेचदा आठवत नाही. तुम्हाला ते काल संध्याकाळपर्यंत अवघड होतं. कोणत्या शब्दाशी अडलात, कोणता चुकीचा समज मनात होता, तो कशाने सुटला, हे सगळं अजून ताजं आहे. जाणकाराकडे माहिती तुमच्यापेक्षा जास्त असेल, पण ही एक गोष्ट त्याच्याकडे नसते. आणि ती टिकतही नाही. महिनाभरात तुम्हालाही ‘यात काय अवघड होतं?’ असं वाटायला लागतं.

तेव्हा एक आठवडा एवढंच करा. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे ‘आधी काय वाटत होतं’, उजवीकडे ‘आता काय कळलं’. रोज झोपण्याआधी एक-दोन ओळी. अभ्यासातलंच हवं असं नाही. गिटारवर बोटं का दुखतात आणि केव्हा थांबतात, वादविवाद स्पर्धेत पहिल्यांदा उभं राहिल्यावर आवाज का चढला, ग्रंथालयातले आकडे पुस्तकाच्या पाठीवर कशासाठी असतात, घर सोडून राहताना पहिल्या महिन्यात कशाचा अंदाज चुकला. काहीही चालेल, पण दोन्ही रकाने भरले पाहिजेत. डावा रकाना रिकामा राहिला तर तो मजकूर पाठ्यपुस्तकात आधीच आहे, आणि तुमच्यापेक्षा नीट लिहिलेला आहे.

विषय किती जवळचा असू शकतो याचं एक उदाहरण. २०१२ मध्ये स्कॉटलंडमधली नऊ वर्षांची मार्था पेन शाळेत ताटात काय आलं याचे फोटो टाकून त्याला गुण देत असे. किती घास झाले हे ती मोजायची, आणि अन्नात केस किती सापडले हेसुद्धा एका ओळीत नोंदवायची. मध्येच तिला फोटो काढायला बंदी झाली. त्यावर इतका गदारोळ झाला की ती बंदी लगेच उठवावी लागली. आहाराबद्दल मोठाली मतं मांडायच्या भानगडीत ती पडली नव्हती. समोर आलेलं रोज मोजत होती.

‘एकच विषय धरून बसा’ असा सल्ला तुम्हाला जागोजागी मिळेल. माझ्या मते पहिल्या दहा पोस्टपर्यंत तो विसरावा. तुमचा विषय कोणता, हे दहा पोस्ट झाल्यावर त्या पोस्टच सांगतात; आधी ठरवलेला विषय बहुधा तिसऱ्या आठवड्यात नकोसा होतो.

दुसरी पायरी: खातं नसताना चार पोस्ट लिहा

चारच का? पहिली पोस्ट उत्साहाने लिहून होते, दुसरी पहिलीच्या जोरावर. तिसरीला कंटाळा येतो. तिसरी आणि चौथी पूर्ण झाली, तर तुम्हाला ही गोष्ट झेपते असं धरायला हरकत नाही. नाहीच झाली, तरी ती गोष्ट चारचौघांत न होता वहीत झाली, हेही बरंच.

आता एक पोस्ट प्रत्यक्ष कशी उभी राहते ते पाहू. समजा तुमच्या डाव्या रकान्यात असं आहे: ‘अपूर्णांकाने भागायचं असेल तर तो उलटा करून गुणायचं. पण का?’

बहुतेक जण सुरुवात अशी करतात: ‘गणित हा मानवी जीवनातील अत्यंत महत्त्वाचा विषय आहे. प्राचीन काळापासून मानवाने…’ ही निबंधाची सवय. परीक्षकाला अर्धं पान भरलेलं दिसावं म्हणून लागलेली. इथे परीक्षक नाही. इथला वाचक वैतागलेला आहे, उद्या त्याचा पेपर आहे, आणि मागे फिरायचं बटण त्याच्या अंगठ्याखालीच आहे.

त्याऐवजी असं लिहून पाहा: ‘सहाला अर्ध्याने भागलं की उत्तर बारा येतं. मी ते उत्तर दरवेळी खोडायचो. भागल्यावर संख्या वाढेल कशी?’

तीन वाक्यांत वाचकाला कळलं की हा माणूस त्याच जागी अडला होता. मग सुटका कशी झाली ते सांगा. भागाकार म्हणजे ‘वाटून टाकणं’ असं मनात पक्कं बसलं होतं, आणि अर्ध्या माणसात सहा वस्तू कशा वाटणार? कुणीतरी प्रश्न बदलून विचारला: सहामध्ये अर्धे किती वेळा बसतात? कागदाच्या सहा पट्ट्या घेतल्या, प्रत्येकीचे दोन तुकडे केले, मोजले. बारा. मग पाऊण घेतलं आणि त्यात एक अष्टमांश किती वेळा बसतात ते पाहिलं. सहा. उलटं करून गुणायची रीत तेच उत्तर देते, हे तिथे दाखवा. रीतीची ओळ आधी आणि पट्ट्या नंतर असं करू नका, कारण तुम्हाला स्वतःला त्या क्रमाने कळलेलं नाही.

आणि मग एक गोष्ट जी नवखे लोक हमखास टाळतात: हे चित्र कुठे लंगडं पडतं तेही लिहा. दोन पंचमांशाला तीन सप्तमांशाने भागायचं म्हटलं की तुकडे पुरते एकदाही बसत नाहीत. तिथे पट्ट्या कापून मोजणं चालत नाही, आधी दोघांचे छेद सारखे करावे लागतात. तुम्हाला तिथलं अजून नीट उमगलं नसेल तर तसं सांगून थांबा. ‘इथपर्यंत मला कळलंय’ असं लिहिणाऱ्याच्या बाकीच्या ओळींवरही वाचक विश्वास ठेवतो.

पाचशे ते नऊशे शब्द पुष्कळ झाले. एका पोस्टमध्ये एकच प्रश्न. लिहिताना दुसरा प्रश्न डोकावला तर तो डाव्या रकान्यात टाका, पुढच्या वेळी उपयोगी पडेल.

पोस्ट लिहून झाली की रात्रभर पडू द्या. दुसऱ्या दिवशी मोठ्याने वाचा. जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य तोडा. मग पहिला परिच्छेद झाकून बघा. दहापैकी सात वेळा खरी सुरुवात दुसऱ्या परिच्छेदात असते (हा माझ्या वह्यांचा हिशेब). वेबवर लोक कसं वाचतात याची चाचणी वेबचा वापर अभ्यासणाऱ्या जेकब नील्सन यांनी १९९७ मध्ये केली, तेव्हा ७९ टक्के लोक नवं पान नुसतं चाळत होते आणि शब्दन् शब्द वाचणारे होते १६ टक्के. तेव्हा तर फोनवर वाचायची सोयही नव्हती. म्हणून मूळ प्रश्न पहिल्या दोन-तीन ओळींत यायला हवा आणि परिच्छेद आखूड हवेत. मधूनमधून उपशीर्षकं द्या, पण ‘प्रस्तावना’ आणि ‘उपसंहार’ अशी नकोत.

शेवटी एकाला वाचायला द्या, शक्यतो ज्याला तो विषय येत नाही अशाला. ‘कशी वाटली?’ असं विचारलंत तर ‘छान’ एवढंच ऐकायला मिळेल. ‘कुठे थांबलास?’ असं विचारा. तो बोट ठेवेल त्या ओळीत काहीतरी गाळलेलं असतं.

आता चॅटबॉटबद्दल, कारण विचारलं जाणारच. त्याच्याकडून पोस्ट लिहून घेतलीत तर ती सफाईदार येईल, पण डावा रकाना त्याला ठाऊक नाही. तुम्ही बारा खोडून काय लिहीत होतात, हे तो सांगू शकत नाही. मी त्याचा उपयोग उलट्या बाजूने करतो: माझा मजकूर देऊन ‘यातलं काय समजत नाही, ते प्रश्न विचार’ असं सांगतो. त्यातले निम्मे प्रश्न फालतू असतात, एखादा कामाचा निघतो. त्याने सांगितलेली सनावळ आणि नावं मात्र दुसरीकडे पडताळल्याशिवाय घेऊ नका. तो चुकतो तेव्हाही तितक्याच आत्मविश्वासाने बोलतो.

तिसरी पायरी: देवनागरी हाताला बसवा

मराठीत लिहिणाऱ्याला ही पायरी चुकत नाही. फोनवर जीबोर्डसारखा कीबोर्ड घेतला की रोमन अक्षरांतून किंवा थेट देवनागरीतून लिहिता येतं, बोलूनही लिहिता येतं. बोलून लिहिणं पहिल्या खर्ड्याला झकास, पण विरामचिन्हं आणि जोडाक्षरं नंतर डोळ्यांत तेल घालून तपासावी लागतात. संगणकावर बराच काळ लिहायचा विचार असेल तर इनस्क्रिप्ट ही देवनागरी कीबोर्डची मांडणी शिकून घ्या. पहिले दहा-बारा दिवस वैताग येतो. व्यंजनं एका हाताला आणि स्वर दुसऱ्या हाताला ही मांडणी एकदा लक्षात आली की वेग आपोआप येतो.

मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीतच, असला पाहिजे. जुन्या छपाईच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर ब्लॉगवर चिकटवला की अक्षरांचा नुसता चिवडा होतो, कारण त्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांनाच देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो. शिवाय सर्चमध्ये असा मजकूर सापडत नाही.

शुद्धलेखनाचं दडपण घेऊ नका, पण दोन सवयी लावा. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ (की, ही, पाणी, वस्तू), आणि ‘आणि’ व ‘नि’ हे ऱ्हस्व. एवढ्यानेच निम्म्या चुका जातात. आणि एखाद्या शब्दाची शंका आली की अंदाज न करता शब्दकोश उघडा. त्याला एक मिनिट लागतं.

चौथी पायरी: आता जागा निवडा

हा भाग लोकांना सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मी तो पटकन उरकणार आहे.

ब्लॉगर १९९९ पासून आहे, २००३ मध्ये गुगलने ते घेतलं. फुकट आहे, जाहिराती लादत नाही, फारसं शिकावं लागत नाही. दिसायला जुनाट आहे. वर्डप्रेस डॉट कॉमचा फुकट पर्याय दिसायला नीटनेटका, पण त्यावर त्यांच्या जाहिराती दिसतात. वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर स्वतःच्या भाड्याच्या सर्व्हरवर चढवणं हा तिसरा मार्ग. त्यात अपडेट, सुरक्षा, बॅकअप सगळं तुमच्या गळ्यात येतं, म्हणून पहिल्या वर्षी नको. मीडियम, २०१२ चं, लिहायला सुरेख आहे, पण तिथे तुमचं घर नसतं, दुसऱ्याच्या घरातली खोली असते. सबस्टॅक, २०१७ चं, मुख्यतः ईमेलने पोस्ट पाठवण्यासाठी. ज्यांना ठरावीक वाचक गोळा करायचे आहेत त्यांना ते शोभतं.

मला कुणी विचारलं तर सांगतो: ब्लॉगर किंवा वर्डप्रेस डॉट कॉम, नाणं उडवून ठरवा, आणि टेम्प्लेटला पाऊण तासाच्या वर वेळ देऊ नका. घड्याळ लावून. स्वतःचं डोमेन, म्हणजे स्वतःच्या नावाचा वेबपत्ता, घ्यायचं ते वर्षभर टिकलात तर. ते दरवर्षी पैसे भरून चालू ठेवावं लागतं, आणि पैसे भरायचे राहिले तर तुमचा पत्ता दुसरा कुणी घेऊ शकतो.

नुसत्या सोशल मीडियावर लिहिलं तर काय बिघडलं? तिथली पोस्ट दोन दिवसांत खाली वाहून जाते. ब्लॉगवरची पोस्ट दोन वर्षांनी, कुणाला तोच प्रश्न पडला की, सर्चमधून वर येते. अपूर्णांकाशी अडणारे दरवर्षी नवे येतात.

पाचवी पायरी: खातं, नाव आणि किती उघडं व्हायचं

शाळा-कॉलेजने दिलेल्या ईमेलवर ब्लॉगचं खातं कधीच उघडू नका. शिक्षण संपलं की तो ईमेल बरेचदा बंद होतो आणि ब्लॉग त्याच्यासोबत आत अडकतो. माझ्या ओळखीत हे दोघांचं झालं आहे. ब्लॉग अजून दिसतो, पण त्यांना स्वतःलाच आत शिरता येत नाही. वेगळा, खासगी ईमेल काढा, त्याला दुहेरी पडताळणी (पासवर्डशिवाय आणखी एक खूण मागणारी) लावा, आणि खातं परत मिळवायचे कोड कागदावर लिहून ठेवा. बहुतेक देशांत स्वतःचं गुगल खातं काढायला किमान १३ वर्षं वय लागतं. वय कमी असेल तर पालकांच्या देखरेखीखाली लिहा. जास्त असलं तरी घरच्यांना ब्लॉग आहे हे माहीत असणं बरं.

खरं नाव की टोपणनाव? दोन्ही चालतं. मलाला युसूफझाई अकरा वर्षांची शाळकरी मुलगी असताना, २००९ मध्ये, बीबीसी उर्दूसाठी ‘गुल मकई’ या नावाने डायरी लिहीत होती. तिथे टोपणनाव ही जिवाची गरज होती. तुमच्यावर तशी वेळ नसेल, तरी टोपणनावाने एक मोकळीक मिळते: लिहून चुकण्याची. तोटा एवढाच की पुढे अर्जात हा ब्लॉग दाखवायचा असेल तर नाव उघड करावं लागतं. मधला मार्ग म्हणजे फक्त पहिलं नाव.

नाव कोणतंही असो, काही गोष्टी बाहेर जाऊ देऊ नका: घरचा पत्ता, फोन नंबर, रोज कोणत्या वेळी कुठे असता, ओळखपत्र किंवा गणवेशावरचं बोधचिन्ह दिसेल असा फोटो. फोनने काढलेल्या फोटोत काढल्याची जागा लपून साठवलेली असू शकते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करा. ‘नको वाटलं तर नंतर उडवू’ यावरही विसंबू नका. इंटरनेट आर्काइव्हचं वेबॅक मशीन १९९६ पासूनची पानं जपून ठेवत आलं आहे, आणि स्क्रीनशॉट तर कुणीही घेतं.

दुसऱ्यांबद्दल लिहिताना जास्तच जपा. एकदा मी एका मैत्रिणीचा किस्सा नाव न घेता लिहिला. वर्गात सगळ्यांनी तासाभरात ओळखलं. ती चिडली नाही, फक्त नंतर माझ्यासमोर बोलायचं तिने कमी केलं. तेव्हापासून मी आधी मजकूर दाखवतो, मग प्रसिद्ध करतो. शिक्षकांबद्दलची तक्रार, गटाने केलेला प्रकल्प, इंटर्नशिपमध्ये पाहिलेली कागदपत्रं, या तिन्हींना हाच नियम, आणि शेवटच्या बाबतीत तर बहुधा लिहायचंच नाही.

एक खास विद्यार्थ्यांचा फास आहे. वर्गात जमा करायचा निबंध किंवा अहवाल आधी ब्लॉगवर टाकू नका. नक्कल पकडणारी सॉफ्टवेअर वेबवरची पानं तपासतात, आणि तुमचाच मजकूर तुमच्या ब्लॉगशी जुळला की तुम्हालाच खुलासा देत बसावं लागतं. आधी जमा करा, गुण येऊ द्या, मग ब्लॉगसाठी नव्याने लिहा. जसाच्या तसा निबंध ब्लॉगवर तसाही वाचवत नाही.

सहावी पायरी: प्रसिद्ध करण्याआधीचा अर्धा तास

शीर्षकात वाचकाचा प्रश्न हवा. ‘गणिताच्या गमतीजमती, भाग १’ असं कुणी शोधत नाही. ‘अपूर्णांकाने भागताना तो उलटा का करतात?’ असं शोधतात. आणि ‘भाग १’ लिहायची खुमखुमी आवरा. भाग दोन न आलेल्या ब्लॉगांनी इंटरनेट भरलेलं आहे.

पोस्टचा पत्ता, म्हणजे लिंक, रोमन अक्षरांत आणि हाताने लिहा. याचं कारण तांत्रिक आहे. देवनागरीतली लिंक कॉपी केली की प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक काना-मात्रा नऊ-नऊ चिन्हांची होते, आणि छोटं शीर्षकही चार ओळींची टक्के-चिन्हांची माळ होऊन बसतं. अशी लिंक बघून कुणी विश्वासाने टिचकी मारत नाही. ब्लॉगरची वेगळीच तऱ्हा: देवनागरी शीर्षकातून त्याला पत्ता बनवता येत नाही, म्हणून तो ‘ब्लॉग-पोस्ट’ असं काहीतरी ठेवून पुढे आकडा जोडतो. ब्लॉगर आणि वर्डप्रेस दोन्हीकडे पत्ता स्वतः लिहायची सोय आहे, पण ती प्रसिद्ध करण्याआधीच वापरा. नंतर बदललात तर आधी वाटलेल्या लिंका तुटण्याचा धोका असतो.

चित्रं सर्चमधून उचलायची नाहीत. छायाचित्रावर काढणाऱ्याचा हक्क आपोआप असतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. बर्न या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट कराराच्या १९०८ मधल्या दुरुस्तीपासून रुजलेलं हे तत्त्व आहे. तुम्ही स्वतः काढलेला वहीचा फोटो सर्वांत उत्तम. तो नसेल तर विकिमीडिया कॉमन्सवर जा आणि चित्राखालचा क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना, म्हणजे कोणत्या अटींवर ते वापरता येईल ते, वाचा. बहुतेक परवान्यांत निर्मात्याचं नाव, परवान्याचं नाव आणि मूळ पानाची लिंक द्यावी लागते. काहींत त्यापुढेही अटी असतात. नुसतं ‘सौजन्य: इंटरनेट’ लिहिणं म्हणजे पाकीट उचलून ‘सौजन्य: बसस्टॉप’ म्हणण्यासारखं आहे. चित्राला पर्यायी मजकुराची चौकट असते, तिथे चित्रात काय आहे ते एका वाक्यात लिहा. स्क्रीन रीडरवर ऐकणाऱ्यांना तेवढंच चित्र मिळतं.

शेवटी फोनवर पूर्वदृश्य पाहा, कारण बहुतेक जण तिथेच वाचणार. आणि बटण दाबा. पोस्ट कधीच पुरती नीट वाटत नाही.

सातवी पायरी: पहिले दहा वाचक

पहिल्या आठवड्यात सर्चमधून कुणी येत नाही, हे धरूनच चला. पहिले दहा वाचक हाताने आणायचे असतात. गटात लिंक फेकून ‘वाचा आणि शेअर करा’ असं म्हटलं तर कुणी वाचत नाही, शेअर तर नाहीच. एकेकाला पाठवा आणि त्यालाच का पाठवताय ते एका ओळीत लिहा: ‘तू त्या दिवशी अर्ध्याने भागण्यावर अडला होतास, त्यावर लिहिलंय. पट्ट्यांचा भाग पटतो का बघ.’ याला उत्तर येतं.

नंतर बराच काळ शांतता असते. नील्सन यांनीच २००६ मध्ये मांडलेला एक ढोबळ हिशेब आहे: ऑनलाइन समूहांत शंभरातले नव्वद जण फक्त वाचतात, नऊ कधीतरी बोलतात, एक सतत बोलतो. तेव्हा प्रतिक्रिया आली नाही म्हणजे वाचलं नाही असं समजू नका. प्रतिक्रिया तुमच्या मंजुरीनंतरच दिसतील अशी सेटिंग ठेवा. लिंका पेरणारा कचरा पहिल्याच महिन्यात येतो. आकडेवारी आठवड्यातून एकदाच बघा, नाहीतर निम्म्या भेटी तुमच्याच निघतात. गुगलचं सर्च कन्सोल फुकट आहे आणि तिथे एक मौल्यवान यादी मिळते: लोक काय टाइप करून तुमच्यापर्यंत आले. ती यादी म्हणजे दुसऱ्यांचे डावे रकाने. पुढची पोस्ट तिथून काढा.

पैशांबद्दल दोन वाक्यं. ब्लॉगवर जाहिराती दाखवून पैसे देणाऱ्या गुगलच्या ॲडसेन्ससाठी १८ वर्षं पूर्ण असावी लागतात, आणि थोड्या वाचकांवर मिळणारी रक्कम टेम्प्लेट बदलण्यात घालवलेल्या रात्रींची भरपाई करत नाही. त्यापेक्षा प्रवेशाच्या किंवा नोकरीच्या मुलाखतीत दाखवायला वीस पोस्ट असणं जास्त कामी येतं.

परीक्षा आली की

‘रोज लिहा’ हा सल्ला विद्यार्थ्यासाठी नाही. पंधरा दिवसांतून एक पोस्ट हा वेग सत्राच्या धबडग्यातही निभतो. सुट्टीत दोन जास्तीच्या लिहून ठेवा. ब्लॉगर आणि वर्डप्रेस दोन्हीत पुढची तारीख लावून पोस्ट ठेवता येते. परीक्षेच्या महिन्यात त्या आपोआप बाहेर पडतील. तेही जमलं नाही तर गप्प बसा. परत आल्यावर माफीची पोस्ट लिहू नका. ती मी लिहिलेली आहे, कुणी वाचली नाही.

अभ्यासाच्या दिवसांत डाव्या रकान्याचं पान मात्र उघडं ठेवा. परीक्षेच्या आदल्या रात्री जितकं नव्याने कळतं तितकं एरवी वर्षभरात कळत नाही.

जुन्या पोस्टचं काय करायचं

दर तीन महिन्यांनी सगळ्या ब्लॉगची प्रत स्वतःकडे उतरवून घ्या. ब्लॉगरचा मजकूर गुगल टेकआउटमधून मिळतो, वर्डप्रेसमध्ये ‘एक्स्पोर्ट’ आहे. वर्डप्रेसच्या त्या फाइलमध्ये चित्रं नसतात, फक्त त्यांचे पत्ते असतात. चित्रांचं फोल्डर वेगळं ठेवा. सेवा मोठी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. जिओसिटीजवर असंख्य लोकांची घरची पानं होती, याहूने २००९ मध्ये ती बंद केली. पोस्टरस ही ब्लॉगसेवा २०१३ मध्ये गेली.

वर्षभराने तुमच्या पहिल्या पोस्ट तुम्हाला बाळबोध वाटतील आणि उडवून टाकाव्याशा वाटतील. मीही एकदा उडवायला बसलो होतो. त्याच सुमारास धाकटी बहीण अपूर्णांकांवर अडली. मी तिला झटक्यात समजावलं: व्यस्त कर, गुण, सोपं तर आहे. तिने बारा लिहिले आणि खोडले. तिला काय खटकतंय हे मला काही केल्या आठवेना. शेवटी जुनी पोस्ट उघडून दिली. पहिली तीन वाक्यं वाचून ती म्हणाली, ‘हो, हेच.’

त्या पोस्टमध्ये पट्ट्यांच्या उदाहरणाखाली एक चूकही होती. छेद सारखे करतानाचा एक आकडा मी उलटा लिहिला होता, आणि तो तिनेच दाखवला. मूळ ओळ तशीच ठेवून तिच्यावर रेघ मारली, खाली तारीख टाकली, बरोबर आकडा लिहिला, आणि ‘दुरुस्ती: एका सातवीतल्या वाचकाच्या सांगण्यावरून’ अशी ओळ जोडली.